भिंत नाही, दगड नाही. मग शेतात रोमन किल्ला सापडला म्हणजे नेमकं काय सापडलं?

ब्रिटनमध्ये पाऊस रुसला की एक ठरलेली बातमी येते : अमुक गावाबाहेरच्या शेतात रोमन किल्ला सापडला. 2018 च्या कोरड्या उन्हाळ्यात तर जमिनीखालच्या अशा जुन्या खुणांच्या बातम्यांची रांग लागली होती. सोबत वरून काढलेला फोटो असतो. आपण तो मोठा करून बघतो. हिरवं-पिवळं शेत, त्यात गोलसर कोपऱ्यांचा एक पुसट चौकोन, कडेला एखादा ट्रॅक्टर. बास. ना बुरूज, ना तट, ना दरवाजा. आमच्या घरी असा फोटो बघून पहिली प्रतिक्रिया आली ती "हे तर क्रिकेटचं मैदान दिसतंय" अशी. सिंहगड-रायगड चढून मोठ्या झालेल्या माणसांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

पण त्या पुसट चौकोनावरून संशोधक सांगतात की इथे इतके सैनिक होते, ते अमुक साली आले, तमुक साली गेले, आणि जाताना घाईत नव्हते. हे त्यांना कळतं कसं? त्यासाठी एकच ठिकाण घेऊन बसू : स्कॉटलंडमधलं इंचटूथिल. टे नदीच्या काठी, पर्थच्या उत्तरेला, एका सपाट पठारावर हे ठिकाण आहे. आज तिथे गवत आहे. एके काळी तिथे पाचएक हजार माणसांचं लाकडी शहर उभं राहत होतं.

आधी 'किल्ला' हा शब्द बाजूला ठेवू

किल्ला म्हटलं की आपल्याला काळा कातळ दिसतो. छावणी म्हटलं तर तंबू दिसतात, आज आहेत, उद्या नाहीत. सुरुवातीचं रोमन लष्करी ठाणं या दोन्हींच्या मधलं होतं. बाहेर खंदक, खंदकातली माती आत टाकून बांध, त्याला गवताच्या मुळ्यांसकट विटेसारखे कापलेले मातीचे ठोकळे रचून तोंड दिलेलं, वर लाकडी कठडा. आत लाकडी खांबांच्या लांबच लांब बराकी. भिंती कुडाच्या. होय, अगदी आपल्या कोकणातल्या घराला असतात तशाच : काटक्या विणायच्या आणि वरून माती लिंपायची.

दगडी रोमन किल्ले आले ते नंतर, सरहद्द एका जागी ठरल्यावर. पहिल्या शतकात सैन्य पुढे सरकत होतं. आज इथे, चार वर्षांनी पन्नास मैल उत्तरेला. अशा वेळी दगड कोण घडवत बसणार?

मराठवाड्यातल्या जुन्या गढ्या आठवा. वाशे, तुळया, दारं विकली जातात आणि दोन-चार पिढ्यांत उरतो तो मातीचा ढिगारा. त्या ढिगाऱ्यावरून पुन्हा नांगर फिरवत राहिलं तर काय उरेल? वर काहीच नाही. खाली मात्र बरंच काही.

खांब कुजतो, खड्डा राहतो

मांडव घालायचा तर खड्डा खणून खांब रोवतो, भोवती माती-दगड ठासतो. लग्न झालं, मांडव काढला, खड्डा बुजवला. वर्षभराने त्या अंगणात काही दिसत नाही. पण तीच जागा हलक्या हाताने खरवडली तर खड्ड्याची माती भोवतीच्या मातीपेक्षा वेगळी लागते. रंगाने गडद, हाताला भुसभुशीत. एकदा हललेली जमीन पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. पुरातत्त्वाचा अर्धा धंदा या एका गोष्टीवर चालतो.

अशा खुणेला आपण खांबखळगा म्हणू. पुण्याजवळच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांचे आकार ओळखले तेही बऱ्याच अंशी अशा खळग्यांवरूनच. फरक इतकाच की रोमन सुतार सुटे खड्डे खणण्याऐवजी बऱ्याचदा भिंतीच्या रेषेवर सरळ चर खणत आणि त्यात ओळीने खांब उभे करत. त्यामुळे खाली उरतात त्या रेषा. सरळ, काटकोनात, मोजून काढलेल्या. इमारतीचा नकाशा जणू जमिनीवरच गडद मातीने आखून ठेवलेला.

पीक चहाडी करतं

पण पन्नास एकर शेत कोण खरवडणार? इथे पीक मदतीला येतं.

ज्याने शेती केली आहे त्याला हे सांगायला नको. बुजवलेल्या चराच्या किंवा जुन्या उकिरड्याच्या जागी पीक जोमदार येतं. जिथे खाली मुरूम किंवा जुना पाया आहे तिथे ते खुरटतं. रोमन खंदक भरला गेला तो गाळाने, मऊ मातीने. त्यावरच्या पिकाची मुळं खोल जातात, ओल शोधतात. पाऊस भरपूर असेल तर फरक पडत नाही, सगळंच हिरवं. पाऊस ओढ देतो तेव्हा भोवतीचं शेत पिवळं पडतं आणि खंदकावरची पट्टी तेवढी हिरवी राहते. जमिनीवरून चालणाऱ्याला ती जाणवतही नाही. विमानातून अख्खा चौकोन दिसतो. यांना पीकखुणा म्हणतात, आणि दुष्काळी वर्षं पुरातत्त्वज्ञांना का आवडतात तेही यातच आलं. (शेतकऱ्यासमोर हे बोलू नये, एवढंच.)

केंब्रिजचे जे. के. सेंट जोसेफ यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर वर्षानुवर्षं विमानातून ब्रिटनचे असे फोटो काढले. रोमन ठाण्यांच्या नकाशातल्या कित्येक टिंबांवर त्यांचं नाव लिहायला हवं. आता विमानाच्या जोडीला ड्रोन आले, आणि जमिनीतला चुंबकीय फरक मोजणारी यंत्रंही. तापून लाल झालेली चुलीची माती अशा यंत्राला न खणता कळते.

इंचटूथिल : त्रेपन्न एकरांचा आराखडा

इंचटूथिलला पहिल्यांदा 1901 मध्ये खणलं गेलं. खरं काम झालं ते 1952 ते 1965 या काळात, इयन रिचमंड आणि हेच सेंट जोसेफ यांच्या हातून. दर उन्हाळ्यात थोडं थोडं. त्यांनी सगळं पठार उघडलं नाही. इमारतीची एक बाजू सापडली की दुसरी कुठे असेल याचा हिशोब करायचा, तिथे अरुंद चर घ्यायचा, आणि रेषा सापडते का बघायची.

सापडली. पुन्हा पुन्हा सापडत गेली. कारण रोमन सैन्य आराखड्याच्या बाबतीत आपल्या रेल्वे क्वार्टर्ससारखं होतं : भुसावळला पाहा की सोलापुराला, एक बघितलं की दुसऱ्यात स्वयंपाकघर कुठे असेल ते डोळे मिटून सांगता यावं. मध्यभागी मुख्यालय. त्याच्यासमोर आडवा मोठा रस्ता. धान्याची कोठारं ओळखायला सोपी, कारण ओल आणि उंदीर टाळण्यासाठी त्यांची जमीन उंच केलेली असते आणि ती पेलायला चर अगदी जवळजवळ खणलेले असतात. इंचटूथिलला अशी सहा कोठारं होती. एक रुग्णालय होतं, सुमारे 90 मीटर लांब, मधलं अंगण आणि भोवती साठच्या आसपास खोल्या. आणि होत्या 64 बराकी.

या 64 चं गणित मला फार आवडतं. रोमन सैन्याच्या एका पूर्ण फौजेला लिजन म्हणत. तिच्यात दहा तुकड्या. नऊ तुकड्यांत प्रत्येकी सहा गट, प्रत्येक गटात 80 माणसं. म्हणजे 54 गट, 54 बराकी. पहिली तुकडी मात्र मानाची : तिच्यात पाचच गट, पण दुप्पट माणसांचे, म्हणून दहा बराकी. 54 आणि 10 मिळून 64. माणसं मोजली तर 4,320 आणि 800, एकूण 5,120. पुस्तकातला हिशोब आणि स्कॉटलंडच्या मातीतल्या रेषा एकमेकांशी तंतोतंत जुळल्या. अख्ख्या लिजनच्या ठाण्याचा इतका पूर्ण नकाशा क्वचितच हाती लागतो, कारण इतर ठिकाणी नंतर शहरं वसली. यॉर्क, चेस्टर इथे खाली रोमन ठाणं आहे आणि वर चर्च, दुकानं, हॉटेलं. इंचटूथिलवर नंतर कोणी राहायलाच आलं नाही.

"पण हे सगळं अंदाजपंचे नाही कशावरून?"

रास्त शंका आहे. पाच-पन्नास अरुंद चरांवरून त्रेपन्न एकर रंगवायचे म्हणजे कल्पनेला वाव आहेच. पण इथला अंदाज तपासता येतो, आणि तपासताना तो चुकतोही. चुकतो तिथेच जास्त कळतं.

उदाहरणार्थ, सेनापतीचं घर. प्रत्येक ठाण्यात ते असतं, भलंमोठं. इंचटूथिलला त्याच्या जागी खणलं तर जमीन सपाट केलेली, आणि वर काहीच नाही. चर नाहीत, खळगे नाहीत. सेनापतीच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांसाठी सहा घरं लागतात, झाली होती चार. कोठारं सहा, आणखी दोनांना जागा मोकळी. मुख्यालयही एवढ्या फौजेच्या मानाने लहान, तात्पुरतं वाटावं असं.

म्हणजे हे ठाणं पूर्ण झालंच नव्हतं. आधी बराकी, कोठारं, रुग्णालय. साहेबांचा बंगला शेवटी. आपल्याकडच्या प्रकल्पांत क्रम उलटा असतो, हे जाता जाता.

पावणेनऊ लाख खिळे

आता या गोष्टीतला सगळ्यात भन्नाट भाग. 1960 च्या आसपास ठाण्याच्या कारखान्याच्या जागेवर, म्हणजे जिथे लोहार-सुतारांचं काम चाले तिथे, एक खड्डा लागला. वर सहाएक फूट स्वच्छ माती ठासून भरलेली. तिच्याखाली लोखंडी खिळे. मोजणी झाली तेव्हा आकडा निघाला सुमारे 8,75,000. वजन सात टनांवर. दोन इंची चुकांपासून फुटापेक्षा लांब खिळ्यांपर्यंत सगळे, आणि बहुतेक न वापरलेले. बाहेरच्या खिळ्यांना गंज चढून त्याचं कवच तयार झालं होतं. त्या कवचाने आतल्यांना वाचवलं. आतले काही खिळे अगदी काल केल्यासारखे निघाले.

एवढं लोखंड कोण पुरून जातं? ज्याला ते नेता येत नाही, आणि दुसऱ्याच्या हाती लागूही द्यायचं नाही, तो. खिळा म्हणजे तयार लोखंड. तापवला, ठोकला की भाल्याचं टोक. उत्तरेतल्या कॅलेडोनियन टोळ्यांना सात टन लोखंड आयतं सोडून जाणं म्हणजे पुढच्या लढाईची हत्यारं त्यांना भेट देणं.

बाकीच्या खुणाही हेच सांगतात. खांब उपटून काढलेले. फळ्यांतून ओढून काढलेले वाकडे खिळे जमिनीवर विखुरलेले. न वापरलेली भांडी आणि काच गटारात टाकून फोडलेली. कूड जाळून टाकलेला. मातीच्या बांधाला पुढून जी दगडी भिंत घातली होती तीही उतरवलेली.

इथे दुसरी शंका येते : शत्रूनेच हल्ला करून हे केलं नसेल कशावरून? कारण हल्ला करणारा खिळे उपसत बसत नाही. तो पेटवतो, लुटतो, निघून जातो. मोठ्या जाळपोळीची राख सगळीकडे पसरलेली असते, प्रेतं आणि हत्यारं सापडतात. इंचटूथिलची मोडतोड शिस्तीची आहे, घर रिकामं करताना आपण पंखे-दिवे उतरवतो तशी. फक्त जाताना नळही फोडून गेलेले.

साल कसं कळतं?

लाकूड ओलीत टिकलं असेल तर त्याची वार्षिक वलयं मोजून झाड कधी तोडलं ते सांगता येतं. उत्तर इंग्लंडमधल्या कार्लाइलच्या पहिल्या लाकडी ठाण्यासाठी झाडं इ.स. 72-73 च्या हिवाळ्यात तोडली, हे असंच कळलं. इंचटूथिलची जमीन कोरडी, वाळूमिश्रित. लाकूड टिकलंच नाही. तिथे नाणी कामाला आली.

जुन्या ट्रंकेच्या तळाशी घातलेला पेपर बघून ट्रंक कधी भरली याचा अंदाज बांधतो ना, तसंच. पेपर 1974 चा असेल तर ट्रंक त्याआधी भरलेली नाही. इंचटूथिलला सम्राट डोमिशियनची इ.स. 86 ची तांब्याची नाणी मिळाली, फारशी न झिजलेली, म्हणजे हातोहात फिरण्याआधीच हरवलेली. त्यानंतरचं काही नाही. 87 ची नाणी ब्रिटनमध्ये दक्षिणेकडे मुबलक सापडतात; या उत्तरेच्या पट्ट्यात जवळजवळ नाहीतच. म्हणजे पगाराची पुढची खेप पोचायच्या आत सैन्य निघालेलं होतं.

आता हे लिखित इतिहासाशी जोडून बघा. ब्रिटनचा सुभेदार अ‍ॅग्रिकोला याने इ.स. 83 च्या सुमारास कॅलेडोनियन टोळ्यांचा मोठा पराभव केला. त्याच सुमारास इंचटूथिलची पायाभरणी. मग 85-86 मध्ये तिकडे डॅन्यूब नदीवर, आजच्या रोमेनियाच्या बाजूला, डेशियन लोकांनी रोमन सैन्याला लागोपाठ दणके दिले. तिकडे फौज हवी झाली. ब्रिटनमधली एक लिजन चेस्टरहून उचलली, आणि तिची जागा भरायला उत्तरेतली फौज, बहुधा विसावी लिजन, खाली बोलावली. अ‍ॅग्रिकोलाचा जावई टॅसिटस हा इतिहासकार. त्याने चिडून लिहून ठेवलं, की ब्रिटन पूर्ण जिंकलं आणि लगेच सोडून दिलं. सासऱ्याची बाजू घेणारा जावई म्हणून त्याचं बोलणं कोणी हसण्यावारी नेलं असतं. इंचटूथिलच्या खिळ्यांनी त्याला साक्ष दिली.

शत्रूकडून हार नाही, बंड नाही. दोन हजार किलोमीटरवरच्या एका आघाडीमुळे स्कॉटलंडमधलं काम तीन-चार वर्षांत बंद पडलं.

मग तिथली माणसं कुठे आहेत?

खळगे, चर, खिळे. हे सगळं इमारतींबद्दल झालं. माणसांबद्दल कळायचं तर इंचटूथिल सोडून दक्षिणेला, उत्तर इंग्लंडमधल्या विंडोलांडाला जावं लागतं. हेही ग्रामीण भागातलं ठाणं, इ.स. 85 च्या सुमारास लाकडाचंच बांधलेलं, बरंच लहान. तिथे एकावर एक ठाणी बांधली गेली, जुन्याच्या अवशेषांवर माती आणि हरळी टाकून. खालचा थर ओला आणि हवाबंद राहिला. हवा नाही म्हणून कुजणं नाही. त्यामुळे चामड्याचे जोडे, लाकडाच्या कंगव्या, कापड, आणि 1973 पासून सापडत आलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर शाईने लिहिलेल्या चिठ्ठ्या हाती लागल्या.

त्यातली एक म्हणजे हजेरीपट. तारीख 18 मे. तिथल्या तुंग्रियन नावाच्या तुकडीचे एकूण सैनिक 752. त्यातले बाहेर गेलेले 456, म्हणजे निम्म्याहून जास्त. जागेवर 296. त्यात आजारी 15, जखमी 6, डोळे आलेले 10. कामाला येण्याजोगे उरले 265.

चौसष्ट बराकींचं गणित मी वर एवढं कौतुकाने मांडलं, त्याला हा कागद टाचणी लावतो. खोल्या मोजून माणसं मोजायची ही पुरातत्त्वाची जुनी सवय. पण बराक बांधली म्हणून ती भरलेली असतेच असं नाही. कोणी सुभेदाराच्या दिमतीला, कोणी शेजारच्या ठाण्यावर. इंचटूथिलच्या 5,120 पैकी एका वेळी तिथे खरोखर किती झोपत असतील? जागा होती एवढंच मातीतून सांगता येतं.

याच चिठ्ठ्यांत एका अधिकाऱ्याच्या बायकोने दुसरीला वाढदिवसाला बोलावलेलं आहे. आणि उधारीच्या एका यादीत गॅम्बॅक्स नावाच्या माणसापुढे दोन दिनार मांडलेत, मिऱ्यांचे. ही मिरी मलबारची. जहाजातून तांबड्या समुद्राकडे, तिथून रोमन बाजारात, आणि शेवटी या थंड, चिखलातल्या ठाण्यावर. आपल्याकडे सातवाहनांचा काळ चालू होता, आणि पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं रोमन व्यापाऱ्यांना चांगलीच ओळखीची होती.

तर मग सगळं खणून का काढत नाहीत?

कारण खणणं म्हणजे मोडणं. थर एकदा उचलला की तो पुन्हा ठेवता येत नाही. उरतात त्या नोंदी, आणि नोंद करणाऱ्याला जेवढं दिसलं तेवढंच त्यांत असतं. रिचमंड 1965 मध्ये वारले. इंचटूथिलचा सविस्तर अहवाल छापून आला 1985 मध्ये, वीस वर्षांनी, आणि तोही त्यांच्या टिपणांचा अर्थ लावत लावत. त्यांच्या काळात मातीतले परागकण आणि जळके दाणे आजच्या बारकाईने तपासत नसत. तेव्हा सगळं पठार उघडलं असतं तर सैनिक काय खात होते याचा पुरावा घमेल्यांतून फेकला गेला असता. न खणलेला भाग म्हणजे मोडायची नसलेली ठेव.

खिळ्यांचं पुढे काय झालं, हे सांगायचं राहिलं. पावणेनऊ लाख खिळे कुठल्या संग्रहालयात ठेवणार? नमुने जगभरच्या संग्रहालयांना वाटले, बाकीचे लोकांना विकले, पाच शिलिंगांना एक. काही पोचले शास्त्रज्ञांकडे. अणुभट्टीचा कचरा लोखंडी पिंपात घालून हजारो वर्षं जमिनीखाली ठेवायचा तर लोखंड किती आणि कसं गंजतं हे कळायला हवं, आणि तो प्रयोग एकोणीसशे वर्षं कोण करत बसणार? तो कोणीतरी सहा फूट मातीखाली आधीच लावून ठेवला होता.